साकवावरचा भोंगा: चिप घडण्याआधी तिची परीक्षा

जोयडा तालुक्यातल्या गुंदसारख्या गावात पावसाळा काय असतो, हे आपल्याला सांगायला नको. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा दुपारी साकवाच्या फळ्यांना लागतो. मुले शाळेतून परत यायची असतात आणि पलीकडे कुणी उभे राहून ओरडले तरी पावसाच्या आवाजात ऐकू येत नाही. अशा साकवाजवळ पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की आपोआप वाजणारा एक भोंगा असावा, असे समजू.

असा भोंगा वाजवणारे छोटे यंत्र हे डिजिटल हार्डवेअर. त्याच्या तारांतून फक्त दोनच गोष्टी वाहतात, ‘आहे’ आणि ‘नाही’. त्यांनाच १ आणि ० म्हणतात. आपला मोबाईल, घरचे विजेचे मीटर, टीव्हीखालचा डबा, सगळ्यांच्या पोटात हेच दोन अंक कोट्यवधी वेळा हलत असतात.

या लेखात आपण भोंग्याचे यंत्र कागदापासून सिलिकॉनपर्यंत टप्प्याटप्प्याने घडवू. सोबतीला मुंबईत खरोखर घडलेल्या एका चिपचे उदाहरण घेऊ. पूर्वतयारी काहीच लागणार नाही. एकच गोष्ट सतत लक्षात ठेवायची: सॉफ्टवेअरमधली चूक नंतर दुरुस्त करून पाठवता येते, सिलिकॉनवर कोरलेली चूक पुसता येत नाही. म्हणून या कामात घडवण्याइतकाच, पुष्कळदा त्याहून जास्त वेळ तपासण्यात जातो.

पहिला टप्पा: काय हवे ते नेमके लिहिणे

‘पाणी वाढले की भोंगा वाजावा’ हे वाक्य आपल्याला पुरेसे वाटते. यंत्राला ते पुरत नाही. पाणी म्हणजे किती? एखादी लाट उसळून खुणेला लागली तर? वाजल्यावर थांबायचे केव्हा? तार तुटली तर? या प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे म्हणजे स्पेसिफिकेशन, यंत्राने काय करावे याचा लेखी करार.

आपला करार असा करू. साकवाच्या खांबावर धोक्याच्या खुणेला तीन सेन्सर बसवायचे. सेन्सर म्हणजे पाणी लागले की कळवणारा भाग. तिघांपैकी किमान दोघांनी ‘पाणी आहे’ म्हटले आणि ते सलग १० सेकंद टिकले, तर भोंगा सुरू. किमान दोघांनी सलग ५ मिनिटे ‘पाणी नाही’ म्हटले, तर बंद. एखादा सेन्सर सलग १ तास इतर दोघांच्या विरुद्ध बोलत राहिला, तर दुरुस्तीसाठी पिवळा दिवा. तुटलेली तार ‘पाणी आहे’ अशीच धरायची.

शेवटची अट विचारपूर्वक घातली आहे. फांदी पडून एकच तार तुटली तर तेवढ्याने भोंगा वाजणार नाही, कारण दोघांची साक्ष लागते. दोन तुटल्या तर उगाच वाजेल. पण खोटी हाक एकवेळ परवडते, पुरात गप्प बसणे परवडत नाही. यंत्र बिघडलेच तर कोणत्या बाजूला बिघडावे, हे आपण आधीच ठरवायचे असते.

तिघांत दोघांचे ऐकण्याची ही रीत आपल्या परिसरात फार मोठ्या कामावर आहे. काळी नदीच्या काठी कैगा येथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत. या प्रकारच्या भारतीय अणुभट्ट्यांच्या संरक्षण यंत्रणेत मोजणीच्या तीन स्वतंत्र वाटा असतात आणि तिघींपैकी दोघींनी धोका सांगितला की भट्टी बंद होते. एक वाट बिघडली म्हणून भट्टी उगाच थांबत नाही, आणि एक वाट मुकी झाली म्हणून धोका सुटतही नाही.

या टप्प्यावर सर्रास होणारी चूक म्हणजे मोघम शब्द. ‘लवकर’, ‘बराच वेळ’, ‘साधारण’ हे शब्द करारात दिसले की थांबावे आणि तिथे आकडा लिहावा. सोपी कसोटी अशी: प्रत्येक वाक्याविषयी ‘हे खरे ठरले की नाही, ते मी कसे तपासणार?’ असे विचारावे. उत्तर सुचत नसेल तर वाक्य अपुरे आहे.

दुसरा टप्पा: चालते प्रतिरूप

करार झाला की लगेच तारा जोडायला घ्यायच्या नाहीत. आधी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा, जो करारातल्या यंत्रासारखा वागेल. त्यात तारा नसतात, घड्याळाचे ठोके नसतात. फक्त वागणूक असते. याला सिस्टम पातळीचे मॉडेल म्हणतात. सिस्टम म्हणजे सेन्सर, सर्किट, सॉफ्टवेअर, बॅटरी, भोंगा हे सगळे मिळून.

हे मॉडेल सी भाषेत लिहितात किंवा सिस्टम-सी या तिच्याच कुळातल्या साधनाने. सिस्टम-सी १९९९ मध्ये पुढे आली आणि २००५ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय अभियंता संस्था आयईईईचे मानक मिळाले. तिच्यात ‘व्यवहार पातळी’वर लिहिता येते. डेअरीच्या वहीत आपण ‘सकाळी चार लिटर’ असे लिहितो, धार कशी पडली ते लिहीत नाही. तसेच या पातळीवर ‘सेन्सरने निरोप दिला’ एवढेच लिहायचे. तो किती तारांतून कसा आला, ते नंतर.

याचा लाभ दुहेरी आहे. बारीकसारीक तपशील नसल्याने मॉडेल झपाट्याने चालते. पावसाळ्याचे चार महिने काही क्षणांत चालवून पाहता येतात. आणि पुढे सर्किट तयार झाले की त्याचे उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला हेच मॉडेल साक्षीदार म्हणून उभे राहते.

आता मुंबईचे उदाहरण. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘अजित’ नावाचा मायक्रोप्रोसेसर घडवला. मायक्रोप्रोसेसर म्हणजे एकामागून एक आज्ञा वाचून त्या पार पाडणारी चिप, संगणकाचा मेंदू. २०१९ मध्ये तो जाहीर झाला. आज्ञांची भाषा त्यांनी नवी शोधली नाही. ‘स्पार्क’ कुळातली आठवी आवृत्ती ही खुली, लेखी मानक असलेली भाषा घेतली. म्हणजे करार आधीच पक्का होता: कोणती आज्ञा दिली तर काय घडले पाहिजे, हे पुस्तकात लिहिलेले होते. त्या कराराप्रमाणे वागणारे सी भाषेतले मॉडेलही अजितसोबत आहे.

इथे कुठे फसते? मॉडेल लिहिताना माणूस नकळत करारात नसलेली गोष्ट गृहीत धरतो. आपल्या भोंग्यात वीज जाऊन परत आली तर मोजणी कुठून सुरू करायची, हे करारात राहूनच गेले आहे. मॉडेल लिहिताना हा प्रश्न समोर आला की मनाने उत्तर ठोकून देऊ नये. करार उघडावा, सगळ्यांना विचारावे आणि तिथे लिहावे: मोजणी शून्यापासून.

तिसरा टप्पा: काय सर्किटमध्ये, काय सॉफ्टवेअरमध्ये

आता कामांची वाटणी. जे काम तातडीचे आहे, कधीच बदलणार नाही आणि चुकून चालणार नाही, ते सर्किटकडे द्यावे. जे काम सावकाश चालेल आणि पुढे बदलेल, ते सॉफ्टवेअरकडे.

भोंग्याचा निर्णय सर्किटकडे जाईल. समजा यंत्राने गावकऱ्यांच्या मोबाईलवर निरोपही पाठवायचा आहे. निरोप मराठीत की कन्नडमध्ये, कोणाच्या नंबरवर, हे दरवर्षी बदलेल. ते सॉफ्टवेअरमध्ये ठेवावे.

इथली नेहमीची चूक म्हणजे तातडीचे काम सॉफ्टवेअरच्या रांगेत उभे करणे. प्रोसेसर निरोप पाठवण्यात गुंतला आणि तेवढा वेळ सेन्सरकडे कुणी पाहिलेच नाही, असे व्हायला नको. म्हणून निरोपाचे सॉफ्टवेअर पूर्ण बंद पडले तरी भोंगा वाजलाच पाहिजे, असे एक वाक्य करारात वाढवू.

चौथा टप्पा: भागांच्या शिवा

शेताचा तंटा बहुधा बांधावर होतो. हार्डवेअरचाही तिथेच होतो. प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असतो आणि दोन भाग जोडले की गडबड होते. म्हणून प्रोसेसर, स्मृती, सेन्सरचा भाग, यांच्यामध्ये काय जाईल, कोणत्या क्रमाने जाईल, हे कागदावर ठरवतात. याला इंटरफेस म्हणतात.

एक नेमके उदाहरण पाहू. मोठी संख्या चार तुकड्यांत साठवली जाते. स्पार्क कुळात सर्वांत वजनदार तुकडा आधी ठेवतात. आपल्या घरच्या नेहमीच्या संगणकात सर्वांत हलका आधी ठेवतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण एकाने लिहिलेला १ दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचला, तर तो १,६७,७७,२१६ होतो. दोन्ही अभियंते आपापल्या जागी खरे बोलत असतात आणि यंत्र मात्र खोटे बोलते.

उपाय साधा आहे. शिवेवरची प्रत्येक गोष्ट, एकक, क्रम, किती वेळ वाट पाहायची, उत्तर आले नाही तर काय करायचे, एकाच कागदावर लिहावी आणि दोन्ही बाजूंनी तोच कागद वापरावा.

पाचवा टप्पा: सर्किटचे वर्णन

आता सर्किट. पूर्वी ते हाताने रेखाटत. आज ते भाषेत लिहितात. व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या त्यासाठीच्या दोन प्रमुख भाषा. त्या प्रोग्रॅमसारख्या दिसतात, पण त्यांतली वाक्ये एकामागून एक चालत नाहीत. ती सगळी एकाच वेळी जिवंत असतात, जशी घरातली सगळी नळजोडणी एकाच वेळी जागेवर असते. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

तिघांत दोघांचा निर्णय लिहायला सोपा आहे. सेन्सरना अ, ब, क म्हटले तर: अ आणि ब, किंवा ब आणि क, किंवा क आणि अ. या एका ओळीतून तीन ‘आणि’ दरवाजे व त्यांचे निकाल एकत्र करणारा ‘किंवा’ दरवाजा तयार होतो. दरवाजा म्हणजे १ आणि ० तपासून निर्णय देणारा सर्किटचा सर्वांत लहान भाग.

सर्किटला ठेका देणारे घड्याळ असते. आपले घड्याळ सेकंदाला १० लाख ठोके देते असे धरू. प्रत्येक ठोक्याला सर्किट आपली आठवण छोट्या खणांत लिहून ठेवते. या खणांना रजिस्टर म्हणतात. एका ठोक्याला कोणत्या खणातून कोणत्या खणात काय जाते, एवढे लिहिले की सर्किटचे वर्णन पुरे होते. म्हणून या पातळीला रजिस्टर-ट्रान्स्फर पातळी असे नाव आहे.

वर्णन थेट हाताने लिहिण्याऐवजी वरच्या पातळीवरच्या प्रोग्रॅममधून साधनांकडून तयार करून घेण्याचीही वाट आहे. आयआयटी मुंबईत यासाठी ‘अहिर’ ही मांडणी उभी राहिली. समीर सहस्रबुद्धे, हकीम राजा, कवी आर्य आणि माधव देसाई यांनी ती २००७ च्या शोधनिबंधात मांडली. प्रोग्रॅममधून सर्किटचे मधले रूप आणि तिथून व्हीएचडीएल, असा तिचा प्रवास आहे. अजित याच साधनांच्या वाटेने घडला. अल्गोरिदमच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या, पातळीवर विचार करायचा आणि सर्किटचे कष्ट साधनांवर सोपवायचे, हा त्यामागचा विचार.

या टप्प्यावर तीन खाचखळगे हमखास भेटतात. ते सावकाश पाहू.

पहिला खळगा: बाहेरची वेळ. ओढ्याचे पाणी आपल्या घड्याळाला विचारून चढत नाही. सेन्सर नेमका ठोक्याच्या क्षणी ० वरून १ होऊ लागला, तर खण क्षणभर उंबरठ्यावर अडकतो. धड आत नाही, धड बाहेर नाही. त्या क्षणी एका भागाने त्याला १ वाचले आणि दुसऱ्याने ०, की सर्किटची दोन मते होतात. म्हणून प्रत्येक सेन्सरची तार आधी दोन खणांमधून एकामागून एक नेतात. पहिला खण अडकला तरी दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो बहुधा एका बाजूला स्थिरावतो.

दुसरा खळगा: पहिला क्षण. वीज आल्याबरोबर खणात ० असतो की १, हे कुणी सांगू शकत नाही. मोजणीचा खण कुठल्या तरी मोठ्या आकड्यावर जागा झाला, तर कोरड्या ओढ्यावर भोंगा वाजेल. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या खणाला सुरुवातीची किंमत स्पष्ट द्यावी. याला रिसेट म्हणतात.

तिसरा खळगा: लहान पडलेला खण. सेकंदाला १० लाख ठोके, म्हणजे १० सेकंदांना १ कोटी. समजा अभियंत्याने मोजणीला २३ बिटांचा, म्हणजे २३ अंकी जागांचा खण दिला. त्यात जास्तीत जास्त ८३,८८,६०७ मावतात. पुढच्या ठोक्याला तो पुन्हा शून्यावर येतो. मोजणी साधारण ८.४ सेकंदांनी दर वेळी शून्य होईल आणि १ कोटीला कधीच पोहोचणार नाही. साकव पाण्याखाली गेला तरी भोंगा वाजणार नाही. फक्त एक बिट वाढवून २४ केले असते, तर १,६७,७७,२१५ पर्यंत मावले असते.

एका बिटाची ही चूक लक्षात ठेवा. पुढच्या टप्प्यात ती आपल्याला चकवणार आहे.

सहावा टप्पा: परीक्षा

आता पडताळणी, म्हणजे लिहिलेले सर्किट कराराप्रमाणे वागते का ते पाहणे. सर्किट अजून फक्त संगणकात आहे. त्याला तिथेच चालवून पाहतात. याला सिम्युलेशन म्हणतात. त्याच्याभोवती एक परीक्षेचा मांडव उभारतात, त्याचे नाव टेस्टबेंच.

मांडवात चार जण असतात. एक सर्किटला प्रश्न देतो: पाणी आले, गेले, तार तुटली. दुसरे आपले जुने मॉडेल, तोच प्रश्न सोडवते. तिसरा दोघांची उत्तरे ताडून पाहतो. चौथा कोणते प्रश्न विचारून झाले आणि कोणते राहिले, याची नोंद ठेवतो. या नोंदीला कव्हरेज म्हणतात.

तिघांत दोघांच्या निर्णयासाठी आठच प्रश्न आहेत: ०००, ००१ पासून १११ पर्यंत. ते सगळे विचारून टाकावेत. काळ मध्ये आला की मात्र प्रश्न अगणित होतात. पाणी ९ सेकंद टिकून उतरले तर? नवव्या सेकंदाला एक सेन्सर सुटला आणि त्याच क्षणी दुसरा लागला तर? असे कोपऱ्यातले प्रश्न माणसाने विचारपूर्वक लिहायचे, आणि उरलेले संगणकाकडून मर्यादेत राहून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, तयार करून घ्यायचे.

आता तो चकवा. सर्किटचे सिम्युलेशन संथ असते. दर वेळी १ कोटी ठोके चालवायचे तर परीक्षा रेंगाळते. म्हणून परीक्षक सोयीसाठी १० सेकंदांच्या जागी १० ठोके ठेवतो. सगळ्या परीक्षा झटपट होतात, सगळ्या उत्तीर्ण होतात, नोंदवहीही पूर्ण भरते. आणि २३ बिटांची चूक जशीच्या तशी राहते, कारण १० हा आकडा कुठल्याही खणात मावतो.

वाट अशी आहे. खरी किंमत बदलायची नाही. मोजणीचा खण थेट ९९,९९,९९० वर ठेवून तिथून पुढे चालवायचे. २३ बिटांच्या खणात हा आकडा मावतच नाही, त्यामुळे चूक पहिल्याच मिनिटाला उघडी पडते. सोयीसाठी करारातला आकडा बदलला असेल, तर किमान एक परीक्षा खऱ्या आकड्याने झालीच पाहिजे, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दोन उत्तरे जुळली नाहीत की सर्किटच चुकले, असे धरून चालू नये. पिवळ्या दिव्याचा १ तास म्हणजे ३६० कोटी ठोके. मॉडेलमध्ये कुणी ते ठोक्यांतच मोजले आणि सी भाषेतला नेहमीचा ३२ बिटांचा पूर्णांक वापरला, तर त्यात सुमारे २१४ कोटी ७४ लाखांपर्यंतच मावते, कारण एक बिट ऋण-धन चिन्हाकडे जातो. चिन्ह नसलेला ३२ बिटांचा खण सर्किटला मात्र पुरतो. इथे सर्किट बरोबर आणि साक्षीदार चुकीचा. अशा वेळी दोघांनी करार उघडावा. अखेरचा शब्द त्याचा.

याहून धोकादायक प्रसंग म्हणजे दोघेही सारखेच चुकणे. ज्याने सर्किट लिहिले त्यानेच परीक्षाही लिहिली, तर करार वाचताना झालेला गैरसमज दोन्हीकडे जातो आणि उत्तरे तंतोतंत जुळतात. म्हणून परीक्षा दुसऱ्या माणसाने, सर्किट न पाहता, फक्त करार वाचून लिहावी. माणूस एकटाच असेल तर त्याने परीक्षेचे प्रश्न सर्किट लिहिण्यापूर्वी लिहून ठेवावेत.

एक दुरुस्ती केली की आधीच्या सगळ्या परीक्षा पुन्हा चालवाव्यात. एका ठिकाणची गळती बुजवताना दुसरीकडचे कौल सरकतात, हे घर शाकारणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

सातवा टप्पा: सगळ्या शक्यतांची सिद्धता

चिठ्ठ्या टाकून किती प्रश्न विचारता येतील? ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारे सर्किट घ्या. त्याला देता येतील अशा जोड्या २ चा ६४ वा घात इतक्या आहेत. सेकंदाला १ अब्ज बेरजा तपासल्या तरी सगळ्या संपायला सुमारे ५८५ वर्षे लागतील.

याचा फटका जगाने १९९४ मध्ये पाहिला. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकारासाठी एक तक्ता कोरलेला होता आणि त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना आपल्या गणितात विसंगती दिसली आणि त्यांनी माग काढला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले की १.३३३८२ यायला हवे. त्या चिपवर १.३३३७३ येई. इंटेलच्या हिशेबाने यादृच्छिक भागाकारांत साधारण ९ अब्जांत एकदा ही चूक येई. इतकी विरळ चूक चिठ्ठ्यांच्या परीक्षेत सापडणे कठीण. सदोष चिप बदलून देण्यापायी कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

यावरचा उपाय म्हणजे गणिती सिद्धता. तिला फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणतात. शाळेत आपण ‘त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश’ हे एकेक त्रिकोण मोजून पटवत नाही. सर्व त्रिकोणांसाठी एकदाच सिद्ध करतो. तसेच ‘दोन सेन्सर सलग १ कोटी ठोके लागलेले असतील तर भोंगा सुरू असतोच’ असे विधान मांडून, सर्किट कोणत्याही स्थितीत ते मोडू शकत नाही ना, हे संगणकाकडून तपासून घेतात. मोडता येत असेल तर विधान मोडणारा प्रसंगच संगणक दाखवतो. या शाखेतली मॉडेल चेकिंग ही पद्धत घडवणाऱ्या एडमंड क्लार्क, ॲलन एमर्सन आणि जोसेफ सिफाकिस यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सिद्धतेलाही मर्यादा आहे. मोठ्या सर्किटच्या शक्य स्थिती इतक्या वाढतात की संगणक थकतो. म्हणून ती निवडक, जिवावर बेतणाऱ्या भागांवर वापरतात. शिवाय आपण जे विधान मांडले तेवढेच सिद्ध होते. विचारायचे राहून गेलेले राहूनच जाते.

आठवा टप्पा: खऱ्या वाऱ्यापावसात

सिम्युलेशननंतर सर्किट एफपीजीएवर चढवतात. ही अशी तयार चिप असते की तिच्यातली जोडणी आपल्याला हवी तशी पुन्हा पुन्हा मांडता येते, फळ्यावरच्या खडूसारखी. इथे सर्किट जवळजवळ खऱ्या वेगाने चालते. सिम्युलेशनमध्ये जे सेकंद जड गेले, ते इथे खरेच सेकंद असतात.

याच टप्प्यावर खरे सेन्सर, खरी लांब तार, खरा भोंगा जोडावा. ओली तार, विजेचा झटका, भोंगा सुरू होताना बॅटरीचा पडणारा दाब, या गोष्टी मॉडेलमध्ये कुणी घातलेल्या नसतात. पुष्कळ कामे इथेच थांबतात आणि तेच योग्य असते. एका साकवाच्या भोंग्यासाठी एफपीजीए किंवा बाजारात मिळणारा छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा लहानसा संगणक, पुरतो. स्वतंत्र चिप कोरायची ती हजारोंच्या संख्येने हवी असेल तरच.

नववा टप्पा: सिलिकॉन

चिप कोरायचीच असेल तर वर्णनातून दरवाजांची जाळी, जाळीतून प्रत्येक दरवाजाची जागा आणि तारांचे मार्ग, असा प्रवास साधने करतात. प्रत्येक पायरीला पुन्हा तपासतात: अर्थ बदलला नाही ना, आणि सर्वांत लांबच्या वाटेनेही निरोप पुढच्या ठोक्याआधी पोहोचतो ना. मग नकाशा कारखान्याकडे जातो. इथून पुढे खोडरबर चालत नाही.

अजितचा नकाशा चंदीगडजवळ मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत सिलिकॉनवर उतरला, १८० नॅनोमीटर तंत्राने. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या चारशेव्या भागाहूनही बारीक असे हे माप. ही चिप सेकंदाला ७ ते १२ कोटी ठोक्यांनी चालते. आजच्या मोबाईलच्या मानाने हा वेग कमी आहे, पण यंत्रांचे नियंत्रण, वाहतुकीचे दिवे, घरगुती उपकरणे अशा कामांना तो पुरतो. कल्पना, मॉडेल, सर्किट, पडताळणी आणि निर्मिती ही सगळी साखळी देशातच पुरी झाली, हे तिचे मोल.

कारखान्यातून आलेल्या प्रत्येक चिपची पुन्हा चाचणी होते, पण ती वेगळी. पडताळणी विचारते, ‘आपण लिहिले ते बरोबर आहे का?’ ही चाचणी विचारते, ‘या तुकड्यावर ते नीट उमटले आहे का?’ आणि तिसरा प्रश्न गावाने विचारायचा असतो: ‘हे आपल्याला हवे होते का?’ खूणच चुकीच्या उंचीवर लावली असेल, तर निर्दोष चिपही वेळेवर वाजणार नाही.

घरच्या टेबलावर सुरुवात

हे सारे मोठ्या शहरातच शिकता येते असे नाही. आयकॅरस व्हेरिलॉग आणि व्हेरिलेटर ही सिम्युलेशनची साधने, तारांवरच्या १ आणि ० च्या लहरी पाहण्यासाठी जीटीकेवेव्ह, सर्किटची जाळी बनवण्यासाठी योसिस, ही सगळी मोफत व खुली आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. एकदा उतरवून घेतली की पावसाळ्यात नेटवर्क गेले तरी काम अडत नाही.

घरात विज्ञान शाखेचा एखादा विद्यार्थी असेल, तर त्याच्यासोबत एवढे करून पाहावे. वहीत भोंग्याचा करार मराठीत लिहावा. त्यातले प्रत्येक मोघम वाक्य आकड्याने पक्के करावे. सर्किटला हात लावण्याआधी वीस प्रश्न लिहावेत. मग तिघांत दोघांचा निर्णय लिहून आठही शक्यता तपासाव्यात. त्यानंतर मोजणीचा खण मुद्दाम २३ बिटांचा ठेवून आपली परीक्षा ती चूक पकडते का, हे पाहावे. पकडत नसेल तर सर्किट नव्हे, परीक्षा सुधारावी.

या कामाचा खरा धडा संगणकापुरता नाही. साकव बांधताना आपली जुनी माणसे आधी पुराची खूण शोधत आणि मग खांबाची जागा ठरवत. पाणी आल्यावर खांब हलवता येत नाही, हे त्यांना माहीत होते. चिप घडवतानाही तेच करायचे आहे: जे पुसता येणार नाही, ते लिहिण्याआधी तपासावे.